अर्ध्या युनिटाला महाग

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. एका चार्जमध्ये किती जाते? आणि आग-बिग लागत नाही ना?

तिसरा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. नुसती उभी ठेवली तर काय होतं?

उभी ठेवली तर, मंडळी, कधी कधी ती उभीच राहते.

चालता चालता बंद पडणाऱ्या गाड्या आपल्याला नव्या नाहीत. घाटात बोनेट उघडून वाफेकडे बघत बसलेली कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, काहींनी त्या कुटुंबात बसून पाहिली आहेत. पण सावलीत, सोसायटीच्या तळघरात, आपल्या नावाची पाटी लावलेल्या जागेत, काहीही काम न करता बंद पडायचं? त्याला प्रगती व्हावी लागते.

शोरूममध्ये जी गोष्ट सांगायची राहून जाते ती ही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक मोठी, अंगभर पसरलेली, चाकं फिरवणारी. जाहिरात तिची, वॉरंटी तिची, कौतुक तिचं. दुसरी छोटी, बारा व्होल्टची, बहुतेक गाड्यांत अजूनही शिसं आणि ॲसिडवालीच. तुमच्या काकांच्या फियाटमध्ये जी होती तिची सख्खी नात.

कुलपं, काचा, दिवे, स्क्रीन, एअरबॅग, गाडीतले सगळे छोटे-मोठे कॉम्प्युटर चालतात या छोटीवर. इथवर तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. गाडी बंद केली की मोठी बॅटरी सुरक्षेसाठी बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. तिला पुन्हा जोडतात ते दणकट रिले, त्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात. आणि हे कॉन्टॅक्टर ओढायला वीज लागते ती छोटीची.

म्हणजे कोठार धान्यानं भरलेलं, किल्ली कोठावळ्याच्या कमरेला, आणि कोठावळाच उपासानं आडवा.

जरा हिशोब मांडा. मोठी बॅटरी ४० युनिटांची धरा, मध्यम गाडीत तेवढी असतेच. छोटी ४५ अँपिअर-अवरची धरा. गुणिले बारा व्होल्ट. उत्तर येतं जेमतेम अर्धं युनिट. घरचा जुना पंखा रात्रभर फिरला की संपतं एवढं. महावितरणच्या बिलात या अर्ध्या युनिटाला कुणी हिंग लावून विचारत नाही.

गाडीत मात्र त्याच्यावाचून चाळीस युनिटं मुकी.

मग चार्जर लावावा की! भिंतीत सॉकेट आहे, सॉकेटमध्ये वीज आहे, हातात केबल आहे. लावा. काही होत नाही. कारण चार्जिंग सुरू करण्याआधी गाडीला चार्जरशी दोन शब्द बोलावे लागतात आणि बोलणारा कॉम्प्युटर छोटीवर चालतो. चार्ज व्हायलाही आधी चार्ज असावं लागतं.

आपल्या सरकारी दाखल्यांची ज्याला सवय आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून उगाच न्यूनगंड बाळगू नका. फोर्डच्या मस्टँग माक-ई या गाडीच्या पहिल्या काही तुकड्यांत अमेरिकेत २०२१ मध्ये भलतंच निघालं. गाडी चार्जिंगला लावली की मोठी बॅटरी भरत होती आणि त्याच वेळी छोटी रिकामी होत होती. सकाळी मालक आला तेव्हा टाकी काठोकाठ आणि दार बंद. कंपनीनं ते मान्य केलं, सॉफ्टवेअर बदललं.

मान्य केलं, हे आपल्याकडच्या वाचकांनी दोनदा वाचावं.

आता पेट्रोलवाल्या शेजाऱ्याकडे वळू. तो एव्हाना गालातल्या गालात हसायला लागला असेल. “तरी मी सांगत होतो!” काय सांगत होतात काका? २०२० च्या टाळेबंदीत तुमची गाडी महिना-दोन महिने खाली उभी होती, टाळेबंदी उठल्यावर ती पहिल्या फटक्यात सुरू झाली होती का? जर्मनीतला एडीएसी हा मोटारमालकांचा क्लब दर वर्षी रस्त्यात अडकलेल्या गाड्यांची आकडेवारी काढतो. त्यात गाडी पेट्रोलची असो वा विजेची, अडकण्याचं पहिल्या नंबरचं कारण एकच निघतं. ही बारा व्होल्टवाली.

तेव्हा काका, हसू आवरा. तुमच्याही पोटात तीच बसली आहे.

फरक आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. पेट्रोल गाडीची बॅटरी मरण्याआधी कुरकुरते. सकाळी स्टार्टर फिरवताना आवाज खोल जातो, घर्र घर्र लांबतं, घरात आतपर्यंत ऐकू येतं. शहाणा माणूस त्याच आठवड्यात बॅटरीवाल्याकडे जातो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. छोटीला कधी जोर लावावाच लागत नाही. चार कॉम्प्युटर उठवण्यापुरता, कॉन्टॅक्टर ओढण्यापुरता जीव तिच्यात असला की सगळं गुळगुळीत चालतं. आज चालतं, उद्या चालतं, परवा दारसुद्धा उघडत नाही.

आजारपण नाही, रजा नाही. थेट शोकसभा.

इतिहासानं यात एक सूडही उगवून घेतलाय. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत विजेच्या गाड्या धावत होत्या. बायकांना त्या आवडत, कारण पेट्रोलच्या गाडीला समोरून हँडल मारावं लागे आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आला, चार्ल्स केटरिंगच्या डोक्यातून. हँडल गेलं, आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदाही त्याच्याबरोबर गेला. त्या स्टार्टरला वीज पुरवायला गाडीत जी मुक्कामाला आली, ती शिशाची बॅटरी.

विजेच्या गाडीला ज्यानं घालवलं, त्याचाच डबा आता विजेच्या गाडीत, आणि तिलाच वेठीला धरून.

ठीक आहे. पण उभ्या गाडीत वीज पितं कोण?

सगळेच. तुम्ही गाडी बंद करून लिफ्टमध्ये शिरता, तेव्हा गाडी बंद झाली असं तुम्हाला वाटतं. तिला तसं वाटत नाही. तिचं मोबाईल कार्ड नेटवर्क शोधत असतं, आणि तळघर जितकं खोल तितकं जास्त शोधत असतं. किल्ली जवळ आली का, यावर कान असतो. चोर आला का, यावर दुसरा कान. बाहेरून बसवलेला डॅशकॅम शेजारच्या गाडीवरचं मांजर रेकॉर्ड करत असतो. नवऱ्यानं बायकोच्या गाडीत आणि बायकोनं ड्रायव्हरसाठी लावलेला जीपीएस ट्रॅकर असतोच.

सगळं नीट झोपलं तर उभी गाडी साधारण पन्नास मिलिअँपिअर खाते. दिवसाला सव्वा अँपिअर-अवर. चांगली बॅटरी महिनाभर तग धरते. पण एखादा कॉम्प्युटर जागाच राहिला आणि खाणं एक अँपिअरवर गेलं, तर तीच बॅटरी दोन दिवसांत खलास. शुक्रवारी संध्याकाळी ठेवलेली गाडी सोमवारी सकाळी ऑफिसला येत नाही.

दांडी मारायला हे कारण नवं आहे, पण एचआरला अजून पटत नाही.

खरी मजा मात्र सहा महिन्यांच्या मुक्कामात आहे. पुण्यातलं नेहमीचं दृश्य. मुलगा न्यू जर्सीत. आई-बाबा नातवंडासाठी तिकडे जाणार, व्हिसा देतो तितके सगळे दिवस वसूल करणार. मुलानंच हौसेनं घेऊन दिलेली इलेक्ट्रिक गाडी तळघरात. घराची किल्ली शेजारी, झाडांना पाणी घालायला बाई, दूधवाला बंद, पेपर बंद, गॅसचा कॉक बंद. गाडीचं काय करायचं? काही नाही हो, इलेक्ट्रिक आहे, तिला काय होतंय!

बाबांच्या फोनमध्ये गाडीचं ॲप असतं. तिकडे पहाटे जाग येते, झोपेचं चक्र फिरलेलं. करायला काही नसतं. बाबा ॲप उघडून गाडी बघतात. ६८ टक्के. बरं वाटतं. दुपारी पुन्हा बघतात. ६८ टक्के. संध्याकाळी व्याह्यांना दाखवतात, “बघा, इथून दिसते! पुण्यातली!” बऱ्याच गाड्यांमध्ये अशी प्रत्येक चौकशी तळघरातल्या गाडीला झोपेतून उठवते. मोडेम उठतो, तो दुसऱ्याला उठवतो, सगळे मिळून बाबांना ६८ सांगतात आणि पुन्हा झोपायला वेळ घेतात.

तो खर्च मोठीच्या टक्क्यांत दिसत नाही. तो जातो छोटीच्या खात्यातून, आणि त्या खात्याचं पासबुक बाबांना कुणी दिलेलंच नाही.

मग एके दिवशी ॲप म्हणतं, गाडीशी संपर्क होऊ शकत नाही. बाबा म्हणतात, पुण्यातलं नेटवर्क!

परत आल्यावर उघडकीला येतं. रिमोट दाबला, शांतता. मग कुणीतरी सांगतं की रिमोटच्या पोटात एक खरीखुरी लोखंडी किल्ली लपवलेली असते. ती काढायची कशी, हे पाहायला माहितीपुस्तक हवं. माहितीपुस्तक कुठे आहे?

गाडीत.

यावर कंपन्यांचा अधिकृत उपाय ठाऊक आहे? कित्येक माहितीपुस्तकांत छापलेलाच आहे. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर छोटीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. वीस लाखांची गाडी, हवेतून येणारं सॉफ्टवेअर, आवाजाला ओ देणारी बाई, छताला काच. आणि तंत्रज्ञानाचा शेवटचा शब्द काय, तर दहा नंबरचा पाना.

पाना गाडीबरोबर मिळत नाही. तो आपला आपण आणायचा.

समजा वायर काढली नाही आणि गाडी बसली. पुढे? धक्का मारण्याची आपली थोर परंपरा इथे निकामी. पूर्वी चार माणसं आणि थोडा उतार एवढ्यावर गाडी निघायची. आता बऱ्याच गाड्यांत पार्किंगचा ब्रेक विजेवरचा, गिअरचं कुलूप विजेवरचं. छोटी मेली की चाकं जाम. टोइंगवाल्याला बोलवावं, तर त्याचा सपाट पाठीचा ट्रक सोसायटीच्या तळघराच्या दाराशीच अडतो, उंची बसत नाही. बिल्डरनं तळघर बांधताना गाडी आत जाईल एवढंच पाहिलं होतं. मेलेली बाहेर कशी काढायची, हे कोणत्याही नकाशात मंजूर झालेलं नाही.

अशा वेळी खाली येतो तोच पेट्रोलवाला काका. डिकीतून जम्पर केबल काढतो. लाल-काळं जोडतो. आणि इथे एक दिलासा आहे, तो ऐकून ठेवा. इंजिन फिरवायला शंभर-दोनशे अँपिअर लागतात. इलेक्ट्रिक गाडीला फक्त जाग यायला हवी, त्याला इंजिनाच्या पासंगाला पुरेल एवढीच वीज लागते. कॉन्टॅक्टर खटकन ओढले गेले की गाडीतला डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीची वीज खाली उतरवून छोटीला पाजायला लागतो. म्हणून हातात मावणारा जंप स्टार्टर पुरतो. तेवढा घेऊन ठेवा.

फक्त तो गाडीत ठेवू नका. का ते एव्हाना कळलं असेल.

उद्या काकांची बॅटरी बसली तर उपकार फेडायला धावू मात्र नका. इलेक्ट्रिक गाडीनं दुसऱ्याला जंप देऊ नये, अशी सूचना बहुतेक पुस्तकांत ठळक असते. तो कन्व्हर्टर इंजिन फिरवण्याइतका प्रवाह देण्यासाठी बनवलेलाच नाही. घेताना चालतं, देताना नियम आडवा येतो.

काका हे सोसायटीच्या वार्षिक सभेत काढणार, नक्की.

सर्व्हिस सेंटरचा संवाद तर पाठ झालाय लोकांना. पहिला प्रश्न, “सर, बाहेरून काही बसवलंय का?” डॅशकॅम म्हणालात की संपलं, दोष तुमचा. नाही म्हणालात तर, “सर, गाडी किती दिवस उभी होती?” दहा दिवस. “मग सर, गाडी वापरायला हवी.” म्हणजे न वापरणं हा गुन्हा. गाडी प्रदूषण करत नाही म्हणून घ्या, आणि बिघडू नये म्हणून विनाकारण फिरवा.

शेवटी एक अपडेट टाकतात आणि गाडी धुऊन देतात. धुण्यात मात्र हात कुणी धरणार नाही.

सगळा दोष डॅशकॅमचा आणि बाबांच्या ॲपचा असता, तर कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या नसत्या. ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत मोठीची वीज छोटीला पोचवणारा एक डबा आहे, आयसीसीयू नावाचा. तो बिघडला की छोटीला जेवण बंद. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत त्यापायी सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्याच वर्षी भारतात ह्युंदाईनं आयोनिक ५ च्या १,७४४ आणि कियानं ईव्ही ६ च्या १,१३८ गाड्या बोलावल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत कियानं पुन्हा १,३८० बोलावल्या. या काही स्वस्तातल्या गाड्या नव्हेत. आयोनिक तेव्हा पंचेचाळीस लाखांच्या आसपासची होती, ईव्ही ६ त्याहून वर.

साठ लाखांची गाडी आणि पाच-सहा हजारांची बॅटरी. कोण कुणाच्या मेहरबानीवर?

बरं, हे सुटत नाही असंही नाही. उभ्या गाडीत ठरावीक वेळानं मोठीनं छोटीला थोडं भरवायचं, ही सोय कित्येक गाड्यांत आहे, काही वर्षांपासून आहे. टेस्लानं २०२१ पासून आपल्या गाड्यांतलं शिसं काढून तिथे लिथियमची छोटी बॅटरी बसवायला सुरुवात केली. ती हलकी, जास्त टिकणारी. म्हणजे ज्ञान आहे, पुर्जे आहेत, पैसा तर आहेच. मग अडतं कुठे?

अडतं ते जाहिरातीत. “आमची गाडी तीन आठवडे उभी राहूनही उघडते,” यावर कोणता नट नाचेल?

दहा-बारा इंची स्क्रीन घ्या. तिच्यावर हवामान दिसतं, गाणं दिसतं, आतल्या उजेडाचे चौसष्ट रंग निवडता येतात, चारी चाकांतली हवा दिसते. छोटीचे व्होल्ट? बहुतेक गाड्यांत कुठेच नाहीत. भरलेली आणि निवांत पडलेली शिशाची बॅटरी १२.६ दाखवते, बारावर आली की तिचं चंबूगबाळं आवरत आलेलं असतं. एक आकडा. दशांश चिन्हासकट चार खुणा. चौसष्टावा रंग काढला तरी जागा होईल.

नागपूर-चंद्रपूरकडे तर हा आकडा आणखी गरजेचा. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि शिशाच्या बॅटरीला उष्णता लवकर म्हातारं करते. मोठीला थंड ठेवायला कित्येक गाड्यांत पाणी खेळवलेलं असतं. छोटी बोनेटखाली तशीच शिजते. मोठीला आठ वर्षं आणि १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आता सर्रास मिळते. छोटीची किती, हे बारीक अक्षरांत शोधा.

चष्मा लावून शोधा.

सरकारचं काय? सरकार खूश आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ झाला. उत्तम झालं, कुणाला नको आहे? फक्त त्या सवलतीसाठी गाडी आधी तळघरातून बाहेर यावी लागते.

आणि आपण ग्राहक? आपण शोरूममध्ये रेंजवर तासभर वाद घालतो, आयुष्यात एकदाही पुणे-गोवा न थांबता जाणार नसलो तरी. काचेचं छत उघडतं का विचारतो. सीट गार होते का विचारतो. आणि मोफत मॅट मिळवून जिंकल्यासारखे बाहेर येतो.

या वेळी मॅट सोडा. सही करण्याआधी सेल्समनला एवढं विचारा: गाडी उभी असताना मोठी बॅटरी छोटीला आपोआप भरते का, किती दिवस भरते, आणि छोटीचे व्होल्ट मला स्क्रीनवर कुठे दिसतील? तो म्हणेल, “सर, मॅनेजरला विचारून सांगतो.” मॅनेजर येईपर्यंत चेकबुक खिशातून काढू नका.